एमबीएच्या घरची चौकशी

फुलेवाडीचे गणपती चौगुले एसटीतनं कंडक्टर म्हणून रिटायर झाले, पण त्यांच्या दुसऱ्या नोकरीतनं त्यांना कुणी रिटायर होऊ देईना. ही दुसरी नोकरी बिनपगारी होती. भावकीतल्या कुणाच्याही लेकीला स्थळ सांगून आलं की चौकशीला गणपतरावांना धाडायचं, असा शिरस्ताच पडला होता. राधानगरी म्हणू नका, गगनबावडा म्हणू नका, जिथं एसटी जाते तिथं त्यांच्या ओळखीचा एक तरी चहावाला असायचाच. टोपी सारखी करत टपरीवर बसायचं, ऊस कधी जाणार, म्हैस किती दूध देते असलं बोलत राहायचं, आणि कप रिकामा होईपर्यंत नवऱ्या मुलाची व्यसनं, बापाचा तापटपणा आणि आईचं तोंड, सगळं गोळा करून आणायचं. हे काम त्यांच्याइतकं कुणाला जमत नसे.

चौकशीचे त्यांचे कायदे होते. मुलाकडच्यांनी दिलेल्या पत्त्यावर विचारायला जायचं नाही, तिथं गोडच ऐकायला मिळतं. जे स्थळ घाई करतं, ते काहीतरी झाकतंय असं धरून चालायचं. आणि सगळ्यात मोठा कायदा म्हणजे, घर कसं आहे ते त्या घरच्या कर्त्याला विचारायचं नाही, तिथं आधी नांदायला गेलेल्या सुनेला विचारायचं. हे कायदे त्यांनी इतक्यांदा सांगितले होते की घरातल्या मांजरालाही पाठ झाले असतील.

अशा माणसाच्या सुनेनं, संयोगितानं, एकदा जेवताना विषय काढला.

"मामा, मी एमबीए करावं म्हणते. ऑनलाइन."

"कुठलं कॉलेज?"

"परराज्यातलं विद्यापीठ हाय. पण तिकडं जायचं न्हाय, सगळं घरात बसून."

"म्हंजे तू बघितलेलं न्हाईस."

"न्हाय."

"आणि त्यांनी तुला?"

"त्यांनी बी न्हाय."

गणपतरावांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तो कालवणात न बुडवताच धरून ठेवला. "ना त्यांनी तुला बघितलं, ना तू त्यांना. आणि दोन वर्सं नांदायचं. चौकशी केल्याबिगर एक पाऊल टाकायचं न्हाय," त्यांनी निकाल देऊन टाकला. संयोगिताचा नवरा पृथ्वीराज, ज्याचं टायरचं दुकान होतं, तो म्हणाला, "तुमी दोघं ठरवा आणि मला फक्त सांगा." त्याची ही सवय लग्नापासूनची होती, त्यावर वेगळं रागवण्यात काही अर्थ नव्हता.

आता हे एमबीएचं खूळ आलं कुठून, ते सांगायला हवं. संयोगिता शिरोलीच्या लोखंड ओतणाऱ्या एका फौंड्रीत खरेदी विभागात होती. लोखंड, भंगार, भट्टीचा कोळसा म्हणजे कोक, वाळू, जे जे भट्टीला लागतं ते तिच्या टेबलावरनं जायचं. कुठला व्यापारी पहिल्या फोनवर खोटं बोलतो आणि कुठला दुसऱ्या, हे तिला आवाजावरनं कळायचं. खरेदीचा हेड म्हणून आजवर तीन साहेब आले. तिघांना काम तिनंच शिकवलं आणि शिकून झाल्यावर तिघांनी तिच्याच कामावर आपल्या सह्या ठोकल्या. तिसरा पुण्याला गेला आणि खुर्ची पुन्हा रिकामी झाली, तेव्हा मालक अमरसिंह साहेबांनी सगळ्या स्टाफसमोर तिला सांगितलं होतं, "संयोगिता, तू एमबीए कर. मोठ्या कंपन्यांची माणसं येतात, त्यांना हेडचं शिक्षण दाखवावं लागतं. ॲडमिशन घे, खुर्ची तुझ्यासाठी ठेवतो." त्या दिवशी ती घरी आली ती तरंगतच. त्या खुर्चीवर बसायचं तिच्या मनात किती दिवस होतं, हे तिलाही तोवर कळलं नव्हतं.

पण खरं सांगायचं तर एकट्या खुर्चीचीच ओढ नव्हती. अभ्यासक्रम वाचताना तिला दिसलं, की माल कधी मागवावा, किती साठवावा, एकाच व्यापाऱ्यावर का विसंबू नये, ह्याला तिथं चक्क एक विषय होता आणि त्याला सप्लाय चेन असं भारदस्त नाव होतं. आपण रोज अंदाजपंचे करतो त्याच्यावर लोकांनी पुस्तकं लिहिलीत? काय लिहिलं असेल त्यात? आपलं बरोबर निघेल की चूक? ही उत्सुकता तिला स्वस्थ बसू देईना. कणीक मळता मळता ती मोबाईलवर नमुन्याचा धडा लावायची आणि पिठाच्या बोटानं तो मागं न्यायची.

भीतीही होतीच. दोन वर्षांच्या संध्याकाळी आणि रविवार घालवायचे, आणि शेवटी डिग्री म्हणजे नुसता शोभेचा कागद निघाला तर? फी कोल्हापुरातल्या कॉलेजपेक्षा बरीच कमी होती. हे ऐकून तिला बरं वाटलं होतं आणि सासऱ्यांना नेमका त्याचाच संशय आला. "स्वस्तात देत्यात म्हंजे कायतरी असणार," ते म्हणाले. त्यात विद्यापीठाची मोना नावाची एक मुलगी रोज फोन करायची. मॅडम, आज शेवटची तारीख. आठवडा गेला की पुन्हा, मॅडम, आज खरंच शेवटची तारीख. एकदा गणपतरावांनीच फोन घेतला आणि आपल्या एसटीतल्या हिंदीत तिला विचारलं, "तुमच्याकडं शिकून गेलेल्या एका पोरीचा पत्ता दो." मोनानं हसऱ्या चेहऱ्यांचे तीन व्हिडिओ पाठवले. गणपतरावांनी ते शेवटपर्यंत बघितले आणि म्हणाले, "ही त्यांनी दिल्याली माणसं. चालत न्हाईत."

संयोगितानं सरकारी यादीत विद्यापीठाचं नाव शोधून काढलं. ऑनलाइन डिग्री द्यायची परवानगी त्यांना होती. तिनं ते सासऱ्यांना दाखवलं, तसे ते म्हणाले, "म्हंजे पत्रिका जुळली. आता माणसं बघू." आणि टोपी घालून बाहेर पडले.

पुढं बरेच दिवस ते स्टँडावर, लग्नाच्या हॉलात, दहाव्याला, जिथं चार माणसं जमतील तिथं एकच प्रश्न विचारत सुटले, की ह्या ह्या विद्यापीठाचं ऑनलाइन एमबीए केलेलं कुणी माहीत आहे का? लोकांना वाटलं म्हातारा सटकला. पण शोधणाऱ्याला सापडतंच. मुरगूडच्या बाळासो सूर्यवंशींची अनुजा गेल्या वर्षी तिथनंच पास झाली होती. गणपतरावांनी लगेच बाळासोंना फोन लावला आणि आपल्या नेहमीच्या पद्धतीनं म्हणाले, "तुमच्या अनुजाची जरा माहिती पायजे हुती. रविवारी येतो. संगं सूनबाई असंल."

संयोगितानं गाडी काढली, मामा मागं बसले. इस्पुर्ली, बिद्री, मुदाळतिट्टा गेलं आणि दहाच्या सुमाराला ते मुरगुडात पोचले. बाळासोंच्या दारात ताजी रांगोळी होती. आत गेल्यावर सोफ्यावर नवी चादर, भिंतीला टेकून भावकीतली दोन माणसं टोप्या घालून बसलेली, आणि स्वयंपाकघरातनं पोह्यांच्या फोडणीचा वास. संयोगिताच्या मनात पाल चुकचुकली. चौकशीला आलेल्याला कुणी रांगोळी घालतं होय? तिनं सासऱ्यांकडं बघितलं, पण ते आधीच बाळासोंशी हात मिळवून बसले होते.

"या पावणं. वाट सापडली न्हवं?"

"सापडंल न्हाय तर काय. ह्या रूटवर लई वर्सं तिकिटं फाडल्यात."

पोहे आले. ते घेऊन आली ती अनुजाच, काठापदराची साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन, नजर खाली. तिला समोर खुर्चीत बसवलं. बाळासो म्हणाले, "विचारा की काय विचारायचं ते."

आता संयोगिताला घाम फुटला. ती मामांना कोपरानं ढोसणार, तोवर मामांनी सुरुवात केली होती. आयुष्यभराची सवय. समोर बसलेल्या पोरीला प्रश्न विचारण्यात त्यांना काही वावगं वाटलंच नाही.

"एमबीए पुरं झालं?"

"झालं. फर्स्ट क्लास," अनुजा जमिनीकडं बघत म्हणाली.

"सैपाक बी सगळा येतो," तिची आई दारातनं म्हणाली.

"ते असू दे. परीक्षेला तू स्वतः बसलीस का दुसऱ्या कुणाला बसवलंस?"

भिंतीला टेकलेली दोन्ही माणसं सावरून बसली. बाळासोंच्या हातातला चमचा ताटलीतच राहिला. "पावणं, हा काय प्रश्न झाला?" ते जरा चढ्या आवाजात म्हणाले. "पोरगी आमची हुशार हाय. तुमी तुमच्या मुलाचं सांगा. काय करतोय त्यो?"

"कुठला मुलगा?"

"तुमचा."

"त्याचं टायरचं दुकान हाय. त्याचं लगीन हून पोरगं साळंला जातंय. ही काय त्याची बायको." आणि गणपतरावांनी संयोगिताकडं बोट केलं.

मग गणपतरावांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. त्यांनी रांगोळीकडं बघितलं, पोरीच्या पदराकडं बघितलं, आणि स्वतःच्या ताटलीतल्या अर्ध्या संपलेल्या पोह्यांकडं बघितलं. शेकडो स्थळांची चौकशी केलेला माणूस, पण संयोगितानं त्यांना इतकं ओशाळलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"मग फोनवर पोरीची माहिती पायजे कशाला म्हणाला?" बाळासो म्हणाले.

"मग माहितीच पायजे हुती की. हिला बी तेच एमबीए करायचंय."

पहिली हसली ती अनुजा. पदर तोंडात कोंबूनही तिला हसू आवरेना. खरं तर तिला सुटल्यासारखं झालं होतं, ते तिच्या तोंडावरच दिसत होतं. मग भिंतीकडची माणसं हसली, आणि बाळासोही कपाळाला हात लावून हसले. "भावकी गोळा केली की मी," ते म्हणाले. अनुजाची आई मात्र हसली नाही. पहाटेपासून राबली होती बिचारी. ती एवढंच म्हणाली, "चहा टाकलाय, त्यो तरी पिऊन जावा."

चहा होईपर्यंत अनुजानं संयोगिताला परसदारी नेलं. तिथं गोठ्याशेजारच्या कट्ट्यावर बसून, डोक्यावरचा पदर खाली टाकून ती घडाघडा बोलायला लागली. माणसाला विचारणारं कुणी भेटलं की ते असंच बोलतं.

"ताई, खरं सांगू? तिथं तुमाला कोण ओरडत न्हाय. व्हिडिओ लावला आणि बाहेर जाऊन शेण काढून आला तरी कुणाला कळत न्हाय. माझ्याबरोबरची निम्मी पोरं म्हणूनच गळाली. आपणच आपल्याला धरून बसवायचं."

"आणि परीक्षा?"

"कॅमेरा लावून. खोलीत दुसरं कोण दिसलं तर मशीन दम देतंय. आमची आजी चहा घेऊन आत आलती तर मला तंबी मिळाली."

"शिकायला मिळालं का पण कायतरी? का नुसतं पास?"

अनुजानं बोटं मोजली. "दोन-तीन विषय नुसते पाठ केले. पण सप्लाय चेनचे सर लई भारी. रविवारी लाइव्ह घ्यायचे. मी प्रश्न विचारला तर पुढच्या रविवारी त्याच्यावर अर्धा तास बोलले. मला कळायचं न्हाय सगळं, कारण मी कारखाना कवा बघितल्यालाच न्हाय. तुमाला कळंल."

संयोगिताला हे ऐकून इतका आनंद झाला की तिला स्वतःचीच गंमत वाटली. तिनं खोदून खोदून विचारलं. कुठली पुस्तकं, उदाहरणं कुठल्या धंद्यातली, वाळूसारख्या पावसात न मिळणाऱ्या मालाबद्दल सर काय म्हणाले. शेवटी तिनं मुख्य प्रश्न विचारला.

"आणि ह्याच्यावर नोकरी मिळती का?"

"मंगळवारी बोलावलंय की मला. घरात लग्नाचं बघाय लागल्यात, म्हणून मी गुपचूप अर्ज केला. शिरोलीत फौंड्री हाय, तिथं खरेदीच्या हेडची जागा. मालक स्वतः बोलले. मी म्हटलं, मला अनुभव न्हाय, तर म्हणाले, डिग्री हाय न्हवं, काम बघायला हायत माणसं."

संयोगितानं फौंड्रीचं नाव विचारलं. अनुजानं सांगितलं.

गोठ्यात म्हैस उभी होती, तिच्याकडं संयोगिता बघत राहिली. खुर्ची तुझ्यासाठी ठेवतो. सगळ्यांसमोर म्हणाले होते. तिच्या मनात एक वाईट विचार आला. आता आत जाऊन नुसतं म्हणायचं, ती जागा चांगली नाही, तिथल्या बायकांना त्रास होतो. बाळासो पोरीला उंबरा ओलांडू देणार नाहीत. एक वाक्य पुरे होतं.

"तुमी कुठं कामाला हाय, ताई?" अनुजानं विचारलं.

"तिथंच. त्या जागेचं काम मीच बघते."

अनुजाचा चेहरा उतरला. "मला म्हाईत न्हवतं. मी न्हाय जात मग."

"जा," संयोगिता म्हणाली. आपण असं म्हणू हे तिला स्वतःलाच वाटलं नव्हतं. पण साहेबांच्या मनात नेमकं काय आहे, हे आता तिला कळायलाच हवं होतं, आणि ते साहेबांना विचारून कळणार नव्हतं. "जा, आणि शेवटी ते म्हणतील, काय विचारायचंय का. तवा एवढंच विचार, सध्या हे काम कोण बघतं, आणि ही जागा त्यांनाच का देत न्हाई."

परत येताना मुदाळतिट्ट्याला चहाला थांबले, तेव्हा तिनं मामांना सगळं सांगितलं. गणपतरावांनी टोपी सारखी केली.

"विद्यापीठ बरं हाय गं," ते म्हणाले. "आधीची सून चांगलं बोलली. चौकशी राहिली ती दुसऱ्याच घराची. साहेब साहेबाचं सांगतोय, आणि आपण ते खरं धरून बसलो. माझाच कायदा मी इसरलो."

"त्यांच्या मनात दुसरं कायतरी असंल, मामा."

"असंल. मंगळवारी कळंल."

मंगळवारी अनुजा साधा पंजाबी ड्रेस घालून आली. संयोगिताच्या टेबलापुढनं जाताना तिनं ओळख दाखवली नाही, संयोगितानंही नाही. केबिनचं दार लागलं. संयोगितानं कोकवाल्याला फोन लावला, पण तो काय बोलला ते तिच्या डोक्यात शिरेना, आणि त्याला वाटलं बाई आज भाव पाडायला गप्प बसल्यात, म्हणून त्यानं आपणहून भाव उतरवला. एरवी ह्यावर ती दिवसभर खूश राहिली असती.

दार उघडलं. अनुजा बाहेर आली आणि पाण्याचं निमित्त करून तिच्या टेबलापाशी थांबली. दार तसंच अर्धवट उघडं होतं.

"विचारलंस?"

"विचारलं," अनुजा हळू आवाजात म्हणाली. "म्हणाले, एक बाई हाय, सगळं तीच बघती. मी म्हटलं, मग त्यांनाच का करत न्हाई? तर हसले." ती अडखळली.

"सांग."

"म्हणाले, तिला कशाला करायचं? ती कुठं जातीय?"

संयोगिताला राग आला, त्याहून जास्त लाज वाटली, की माणूस आपल्याला इतकं नीट ओळखून होता आणि आपल्याला पत्ता नव्हता. बरोबरच होतं त्याचं. इतकी वर्षं ती कुठंही गेली नव्हती. जाता येतं का, हे तिनं कधी कुणाला विचारलंसुद्धा नव्हतं.

"तुला घेतलं?"

"एक तारखेपासून या म्हणालेत. पण ताई, तुमी नको म्हणाला तर मी न्हाय येत."

तेवढ्यात आतनं अमरसिंह साहेबांचा आवाज आला. "संयोगिता, ह्या मॅडमना जरा काम दाखव. नव्या हेड आहेत आपल्या."

संयोगितानं शेजारची खुर्ची ओढली आणि अनुजाला बसवलं. कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडं वळवला.

"ये तू. एक तारखेला ये आणि रोज माझ्याशेजारी बसून सगळं नीट शिकून घे," ती म्हणाली. "आज मी ॲडमिशन घेतीया. दोन वर्सांनी मी हितनं जाणार, तवा हे कुणाच्या तरी हातात दिऊन जायला पायजे."

अनुजानं घाबरून उघड्या दाराकडं बघितलं. संयोगितानं आवाज मुळीच खाली घेतला नव्हता. आत साहेबांची खुर्ची करकरली, ते उठून दारात आले आणि तिच्याकडं बघत उभे राहिले. ती अनुजाला लोखंडाचे भाव दाखवत होती.